प्रश्न तुमचे: सेकंडहँड ड्रोन, फुगलेल्या बॅटऱ्या आणि गच्चीवरची उड्डाणं

लग्नसराई संपली की दरवर्षी हेच होतं, फोटोग्राफर मंडळी जुने ड्रोन विकायला काढतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळी इतकी आलीत की सदर सगळं ड्रोनलाच देऊन टाकलं. काही पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार. आमच्या ओळखीचे एक फोटोग्राफर त्यांचा मॅविक प्रो विकतायत, तीन बॅटऱ्या, रिमोट, बॅग सगळं देणार म्हणतात. कॅमेरा एकदम क्लिअर आहे, मी व्हिडिओ बघितला. फक्त एक बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटते आणि एक चालूच होत नाही. ते म्हणतात चार्जिंगला लावली की होईल. घेऊ का?
(इचलकरंजी)

उत्तर: कॅमेरा क्लिअर आहे हे तुम्ही पहिलं सांगितलंत आणि बॅटरीचं शेवटी, सगळे असंच करतात. जुन्या ड्रोनमध्ये किंमत ठरते बॅटरीवर, कॅमेरा तर शेवटपर्यंत चांगलाच राहतो. मॅविक प्रो २०१६ चं मॉडेल, म्हणजे सोबतच्या बॅटऱ्या नंतर घेतलेल्या असल्या तरी वयस्कर असणारच. त्या वापरल्या नाहीत म्हणून खराब होत नाहीत असं नाही, उलट फुल चार्ज करून कपाटात ठेवून दिल्या की लवकर मरतात.

फुगलेली बॅटरी विषय संपला, ती घ्यायचीच नाही, फुकट दिली तरी नाही. आग लागायचा धोका तर आहेच पण मॅविकमध्ये अजून एक भानगड आहे, बॅटरी वरून बसते आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांवर अडकते. फुगली की खटका नीट लागत नाही, आपल्याला वाटतं लागला, आणि हवेत हादऱ्याने बॅटरी उचकटली की चारही मोटरी एकदम बंद. मग ड्रोन उतरत नाही, पडतो.

चालूच न होणारी बॅटरी कदाचित हायबरनेशनमध्ये असेल. व्होल्टेज फार खाली गेलं की ती स्वतःला झोपवते आणि चार्जरला लावल्यावर कधीकधी उठते, त्यामुळे तुमचे फोटोग्राफर खोटं बोलतायत असं नाही. पण उठली म्हणजे तब्येतीने आहे असंही नाही. व्यवहाराआधी त्यांच्यासमोरच ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये बॅटरीचं पान उघडा, तिथे आतल्या तीन सेलचं व्होल्टेज वेगवेगळं दिसतं आणि किती वेळा चार्ज झाली तेही दिसतं. मग मोकळ्या जागी ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर पाचसात मिनिटं नुसता उभा ठेवायला सांगा आणि आकडे बघत राहा. तीनही सेल बरोबरीने खाली आले तर ठीक, एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे पडत असेल तर ती बॅटरी हिशोबात धरू नका. नवा असताना हा ड्रोन एका बॅटरीवर २७ मिनिटं उडतो असं कंपनी सांगायची, वारा नसताना. जुन्या बॅटरीवर १५ मिनिटं नीट मिळाली तरी मी समाधान मानेन.

‘सेल बदलून देतो’ म्हणणारे भेटतील. तो नाद नको. आतलं सर्किट आणि नवे सेल यांचं जमलं नाही तर टक्केवारी चुकीची दिसते, ४० टक्के दाखवता दाखवता ड्रोन खाली.

बाकी तपासणी पटकन होते. पुढच्या दोन पायांत अँटेना असतात, पाय तुटून फेविक्विकने चिकटवलेले असले तर रेंज गेली समजा. पंखे काढून चारही मोटरी बोटाने फिरवा, एखादी खरखरली की विचारा कुठे पडला होता. गिम्बलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेची, रबरं आणि पट्टी केबल बघा. ड्रोनमधलं कार्ड फॉरमॅट होतंय का तेही तिथेच करून बघा.

आता कागद. मॅविक प्रोचं वजन ७३४ ग्रॅम, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हा मायक्रो गटात येतो (२५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत). याला नोंदणी नंबर म्हणजे यूआयएन लागतो, थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतो, आणि ड्रोन विकला की तो नंबर घेणाऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करावा लागतो, गाडीचं आरसी बुक करतो तसंच. त्यांच्याकडे यूआयएन आहे का हे पहिल्यांदा विचारा. ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत देशात आलेल्या जुन्या ड्रोनांसाठी नोंदणीची वेगळी सोय ठेवली होती, तेव्हा ज्यांनी केली नाही त्यांचा ड्रोन आज तुमच्या नावावर सहज होईल असं धरून पैसे देऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर यूआयएन आणि एक तरी धड बॅटरी, दोन्ही असेल तरच घेतला असता, नाहीतर कॅमेरा कितीही क्लिअर असू दे.

प्रश्न: दादा मी बारावीला आहे. काकांचा फँटम ३ प्रोफेशनल तीन वर्षं कपाटात पडून होता तो मला दिलाय. बॅटरी मेली आहे. कॅमेरा चालू केल्यावर थरथरतो आणि मान टाकतो, आणि एक मोटर आवाज करते. घरी दुरुस्त होईल का? शिकायचंय.
(सातारा)

उत्तर: होईल, आणि शिकायला फँटम ३ सारखी वस्तू नाही. २०१५ चं मॉडेल आहे, आत भरपूर मोकळी जागा आहे, साधे स्क्रू आहेत, नव्या ड्रोनसारखं सगळं गोंदाने चिकटवलेलं नाही. परीक्षा झाल्यावर घे हातात एवढंच.

सगळ्यात आधी जुनी बॅटरी घराबाहेर काढ. फोडायची नाही, पिन टोचायची नाही, उन्हात ठेवायची नाही, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. नवी मिळेपर्यंत बाकीची कामं कर.

गिम्बल. मान टाकतो म्हणजे बहुतेक वेळा ती चपटी रिबन केबल कुठेतरी चिरलेली असते, फँटम पडला की पहिली तीच जाते. भिंगातून बघ, वळणावर पांढरी रेघ किंवा फाटलेला कोपरा दिसेल. केबल स्वस्त मिळते, पण बसवायला दीड तास आणि शांत डोकं लागतं, त्यामुळे उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढ आणि स्क्रू कागदावर चित्र काढून त्या त्या जागी चिकटव, कारण लांबी वेगवेगळी असते आणि मोठा स्क्रू चुकीच्या भोकात गेला की नवीन दुखणं. केबल शाबूत असेल तर गिम्बलचा हात वाकलाय का बघ. ते अ‍ॅल्युमिनियमचे हात एखादा मिलिमीटर वाकले तरी मोटरला सतत जोर लावावा लागतो आणि अ‍ॅप ओव्हरलोड म्हणून ओरडतं. हळूच सरळ करता येतात. मग सपाट टेबलावर गिम्बल कॅलिब्रेशन.

मोटर: आधी पंखा काढून फिरव आणि कानाला लाव. नुसती माती असेल तर मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरतो. डब्ल्यूडी-४० फवारू नकोस, लोक सर्रास फवारतात, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं. बेअरिंगच गेलं असेल तर आख्खी मोटर बदल. तीन वायरी बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात, त्यातल्या कुठल्याही दोन उलट लागल्या की मोटर उलटी फिरेल, म्हणून पुन्हा तेच, आधी फोटो. आणि मागवताना दिशा बघून मागव, या ड्रोनचे पंखे फिरता फिरता आपोआप घट्ट होणारे आहेत त्यामुळे आटे दोन प्रकारचे येतात. काळ्या टोपीचा पंखा काळ्या आसाच्या मोटरवर, ग्रे टोपीचा ग्रेवर.

सोल्डरिंग कधी केलं नसेल तर पहिला प्रयोग ड्रोनच्या बोर्डावर नको, एखादा बंद पडलेला चार्जर घेऊन त्यावर हात बसव. सुटे भाग पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारता येतात, नाहीतर ऑनलाइन. बाहेरच्या कवचाला मोटरीजवळ केसासारख्या चिरा असतात त्या टॉर्च लावून बघ, या मॉडेलचं ते जुनंच दुखणं आहे. चीर असेल तर कवच बदलायचं, एमसील लावायचं नाही.

सगळं जमल्यावर लगेच उडवू नकोस. पंखे न लावता मोटरी चालू करून चारही सारख्या फिरतात का बघ. अ‍ॅपमध्ये सिम्युलेटर आहे, पंखे काढून ड्रोन जोडायचा आणि खऱ्या रिमोटवर स्क्रीनमध्ये उडवायचं. त्यात कंटाळा येईपर्यंत आपट. आणि हा ड्रोन सव्वा किलोचा आहे, काकांच्या नावावर यूआयएन आहे का ते विचार, वरच्या पत्राचं उत्तर वाच.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. चिरंजीवांनी त्यांचा जुना मॅविक एअर मला दिला. गच्चीवरून उडवला असता तो एका जागी स्थिर न राहता गोल गोल घिरट्या घालू लागला व शेजारच्यांच्या सोलरवर आदळता आदळता राहिला. अ‍ॅपमध्ये कंपास एरर येते. कॅलिब्रेशन केले तरी तेच. यंत्रात दोष आहे का? या वयात शिकता येईल का?
(नाशिक)

उत्तर: सर, यंत्रात बहुधा काही दोष नाही, दोष गच्चीत आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, वर पाण्याची टाकी, सोलर, रेलिंग, टॉवर. ड्रोनमधलं होकायंत्र म्हणजे कंपास त्या लोखंडाने भरकटतं. जीपीएस सांगतो तू इकडे सरकलास, होकायंत्र दिशा चुकीची सांगतं, ड्रोन सावरायला भलतीकडे जातो, परत सावरतो, आणि त्याच्याच घिरट्या होतात. तुम्ही गच्चीवरच कॅलिब्रेशन केलं असेल तर चुकीचं होकायंत्र अजून पक्कं झालं. मैदानात जा, खिशातल्या किल्ल्या, घड्याळ आणि दुसरा मोबाईल बाजूला ठेवा आणि तिथे करा. आयएमयूचं (तोल आणि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन मात्र घरात, सपाट टेबलावर, ड्रोन थंड असताना.

गच्चीवरून शिकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना तीच जागा सुचते कारण ती घरची आहे, पण उतरायला जागा दहा बाय दहा, कडेला कठडा, केबलवाल्याच्या वायरी, आणि चुकलं की ड्रोन तीन मजले खाली कोणाच्या तरी डोक्यावर. गवताचं मैदान, सकाळी सातच्या आत, क्रिकेटवाली पोरं यायच्या आधी. नाशिकमध्ये जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघाच, एका बाजूला ओझरचा विमानतळ आहे आणि दुसऱ्या बाजूला देवळालीचं तोफखाना केंद्र, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही. ग्रीन झोनमध्ये १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत चालतं. २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण नोंदणी आणि विमा सुटत नाही.

वयाचं म्हणाल तर तरुण पोरांपेक्षा तुम्ही लवकर शिकाल, कारण त्यांना पहिल्याच दिवशी ढगात न्यायचा असतो. अ‍ॅपमध्ये बिगिनर मोड लावा, मग तो ३० मीटरच्या पुढे आणि वर जातच नाही. सुरुवातीला ड्रोनची शेपटी कायम आपल्याकडे ठेवा. वर घ्या, उभा ठेवा, खाली घ्या. हे कंटाळवाणं वाटलं तरी खूप वेळा. मग चौकोन काढा, शेपटी आपल्याकडेच. मग ड्रोनचं तोंड आपल्याकडे फिरवा आणि तोच चौकोन, इथे सगळे गडबडतात, कारण आता काडी डावीकडे दाबली की तो आपल्या उजवीकडे जातो. हे अंगात मुरेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर इंग्रजी आठ. स्क्रीनकडे कमी आणि ड्रोनकडे जास्त बघायचं, व्हिडिओ काढणं हा दुसऱ्या महिन्याचा विषय आहे.

उडवण्याआधी अ‍ॅपने होम पॉइंट म्हणजे परत यायची जागा नोंदवल्याचं सांगेपर्यंत थांबा. घाईत उचलला आणि जीपीएस लागायच्या आधी निघाला तर ‘घरी ये’ बटण दाबल्यावर तो कुठल्या घरी जाईल सांगता येत नाही. ते बटण दाबलं की ड्रोन आधी सरळ वर जातो आणि मग परत येतो, म्हणून अ‍ॅपमध्ये परत यायची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा आणि विजेच्या टॉवरपेक्षा जास्त ठेवा, आणि झाडाखाली असताना ते बटण दाबू नका. हवेत असताना दोन्ही काड्या एकदम खाली-आत ओढायच्या नाहीत, तो मोटरी चालू-बंद करायचा इशारा आहे.

प्रश्न: आमचं मालवणला होमस्टे आहे. जुना ड्रोन घेतला, किनाऱ्यावरून उडवते. परवा वाळूत उतरवला तेव्हापासून कर्रकर्र आवाज येतोय. आणि समुद्रावर नेला तर चालतो का?
(मालवण)

उत्तर: ताई, मोटरीत चुंबक असतात आणि आपल्या कोकणच्या वाळूत काळे लोखंडी कण भरपूर, ते थेट चुंबकाला जाऊन चिकटतात. हवा मारून निघत नाहीत. पंखे काढा, चिकटपट्टीचा तुकडा किंवा थोडं ब्लू टॅक टोकाला लावून मोटरीच्या फटीतून ते कण उचलत राहा, वेळ लागतो पण निघतात. आवाज जाईपर्यंत उडवू नका. पुढच्या वेळी उतरवायला घडीचा पॅड घ्या, नाहीतर जाड चटई, कडेला दगड ठेवून.

समुद्रावर चालतो, पण फार खाली नको. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमीन बघून जागा धरतात, हलणाऱ्या लाटांवर ते फसतात आणि ड्रोन हळूहळू सरकतो किंवा खाली जातो. दहाबारा मीटरच्या वर राहा. आणि जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर असणार, बॅटरी अर्धी व्हायच्या आधीच वळवा. खारं पाणी लागलंच तर चालू करून बघायचा मोह टाळा, बॅटरी काढा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि नीट वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेऊ नका, ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, परवानगी लागते.

प्रश्न: ट्रेकला जाताना ड्रोन नेतो. गडाखालून उडवला तर परवानगी लागणार नाही ना? मित्राचा ड्रोन एका कड्याला आपटून गेला, ते कसं होतं?
(पुणे)

उत्तर: खालून उडवून वर गडावर नेणार असाल तर पळवाट काही उरत नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड हे पुरातत्त्व खात्याकडे आहेत, २०२५ मध्ये मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तिथे लक्षही जास्त असतं. अभयारण्यात वनखात्याची परवानगी वेगळी. पुण्याच्या आसपास लोहगावचा विमानतळ आणि खडकवासल्याची एनडीए, दोन्हीकडचा नकाशा निघण्याआधी बघा.

मित्राचं काय झालं असेल ते सांगतो. अ‍ॅपमधली उंची ही जिथून उडवला तिथून मोजलेली असते. पायथ्याहून उडवला, परत यायची उंची ३० मीटर ठेवलेली, ड्रोन कड्यामागे गेला, सिग्नल तुटला, मग त्याने आपणहून घरी यायचं ठरवलं आणि सरळ रेषेत निघाला, मध्ये दोनशे मीटरचा कातळ. पुढचे सेन्सर असलेल्या मॉडेलांत कधी वाचतो, पण समोरून ऊन आलं की सेन्सरना दिसेनासं होतं. कड्यामागे न्यायचाच नाही हा एकच उपाय. दुपारनंतर घाटमाथ्यावर वारा कड्याला आपटून वर उसळतो, तेव्हा तर नकोच.

आणि रात्री गावाजवळ उडवू नका. २०२४ मध्ये पुणे आणि बीड जिल्ह्यात रात्री ड्रोन दिसतात म्हणून लोक जागून पहारे देत होते. तुम्ही चांदण्यांचा टाइमलॅप्स काढताय हे समजावून सांगायला वेळ मिळणार नाही.

प्रश्न: घार मागे लागली तर?
(अमरावती)

उत्तर: सरळ वर घ्या, जेवढा वेगात जाईल तेवढा. घार वरून झडप घालते, तिला उभं वर चढायला जड जातं. आडवा पळवलात तर तीच जिंकते. मग लांब नेऊन उतरवा आणि त्या दिवशी तिथे पुन्हा नको. हिवाळ्यात घरट्याचे दिवस असतात तेव्हा ती जास्त चिडते. संक्रांतीच्या आठवड्यात तर ड्रोन कपाटातच बरा, मांजा पंख्यात गेला की संपलं.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असते, डिसेंबरमध्ये गावी येतेय. भावासाठी इथला वापरलेला ड्रोन बॅगेतून आणू का? इथे स्वस्त मिळतोय.
(न्यू जर्सी)

उत्तर: नका आणू. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. संशोधन, संरक्षण वगैरेसाठी परवानगी घेऊन आणतात, भावासाठी आणता येत नाही. कस्टममध्ये जाहीर करावा लागतो आणि तो तिथेच राहायची शक्यता जास्त. भावाला पैसे द्या, तो इथे यूआयएनवाला शोधेल. पंखे आणि फिल्टर मात्र जरूर आणा, तिकडे चांगले मिळतात.

प्रश्न: जुना मॅविक प्रो घेतला, उडवायला जमतंय, पण दुपारचा व्हिडिओ झटके झटके दिसतो. लग्नाच्या व्हिडिओत असतो तसा मऊ येत नाही. कॅमेरा खराब आहे का?
(सोलापूर)

उत्तर: सोलापूरच्या दुपारी कुठलाही कॅमेरा तसाच देईल. मॅविक प्रोची लेन्स एफ २.२ ला फिक्स आहे, उजेड कमी करायला छिद्र लहान करता येत नाही म्हणून तो शटर १/१००० सेकंदाच्याही पुढे नेतो, प्रत्येक फ्रेम टोकदार गोठलेली येते आणि एकापाठोपाठ लावली की डोळ्याला झटके वाटतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० च्या आसपास हवं. त्यासाठी एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच लागते, भर दुपारी १६ किंवा ३२ नंबरची, संध्याकाळी ८. हलका बघून घ्या आणि ड्रोन चालू करायच्या आधी लावा, नाहीतर गिम्बल सुरुवातीलाच अडखळतो.

त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. तोच व्हिडिओ फोनऐवजी धड कॉम्प्युटरवर चालवून बघा, कारण पुष्कळ जुने फोन ४के चालवतानाच अडकतात आणि शिव्या ड्रोनला बसतात. कार्डवर यू३ (जलद कार्डाची खूण) आहे ना तेही बघा. एवढं करूनही झटके असतील तर हात तपासायचा, काडी अंगठ्याच्या टोकाने ढकलण्यापेक्षा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरा आणि या मॉडेलमध्ये ट्रायपॉड मोड आहे तो लावा, ड्रोन चालत्या माणसापेक्षाही हळू सरकतो. लग्नाच्या व्हिडिओतला मऊपणा बराचसा तिथून येतो, आणि उरलेला एडिटिंगवाल्याच्या गाण्यातून.